पित्ताच्या गोळीपुढे शेवटची तारीखही लिहा

महाराष्ट्रातले सगळे फॅमिली डॉक्टर, आणि रुग्णालयांच्या वॉर्डांत डिस्चार्ज कार्ड लिहिणारे तरुण डॉक्टर यांना,

सप्रेम नमस्कार.

तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडसमोर माझं औषधांचं दुकान आहे. या दिवाळीला बावीस वर्षं होतील. सकाळी आठला शटर वर केलं की पहिल्या तासातच चार-पाच जण एकाच औषधासाठी येतात. कुणी कात्रीने कापलेला स्ट्रिपचा तुकडा पुढे करतं, कुणी मोबाईलमधला फोटो दाखवतं, कुणी नुसतं म्हणतं, "ताई, ती पिवळी द्या, अनशापोटी घ्यायची." चिठ्ठी विचारली तर उत्तर ठरलेलं असतं : "डॉक्टरांनीच दिलीय. कायमची आहे."

"कायमची" हा शब्द तुमच्यापैकी फार थोड्यांनी उच्चारला असेल, हे मला माहीत आहे. तुम्ही फक्त "अमुक दिवशी थांबवा" असं सांगितलेलं नसतं. तेवढ्या न सांगण्यातून माणसं वर्षानुवर्षं पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल, ओमेप्रॅझोल या पित्ताच्या, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या खात राहतात. हे पत्र त्यासाठी आहे.

माझ्या आत्याचंच सांगते. २०१४ मध्ये तिचा पाय मोडला, ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्डावर पाच औषधं होती. अँटिबायोटिकपुढे पाच दिवस, दुखण्याच्या गोळीपुढे दहा दिवस, कॅल्शियमपुढे तीन महिने लिहिलं होतं. पँटोप्रॅझोल ४० मिलिग्रॅम, १-०-०, म्हणजे फक्त सकाळी एक, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. दुखण्याच्या गोळीने पोटाला त्रास होऊ नये म्हणून ती दिली होती, हे मला कार्ड बघताच कळलं. दुखण्याची गोळी अकराव्या दिवशी बंद झाली. पित्ताची गोळी नऊ वर्षं चालली. त्या नऊ वर्षांत आत्या मधुमेहासाठी, डोळ्यांसाठी, एकदा डेंग्यूसाठी निरनिराळ्या डॉक्टरांकडे गेली. प्रत्येकाने "सध्या काय चालू आहे?" असं विचारलं, तिने सांगितलं, आणि प्रत्येकाने ती यादी तशीच पुढे उतरवून घेतली. आणि त्या गोळ्या दर महिन्याला तिला माझ्याच दुकानातून जात होत्या. म्हणजे या साखळीतली एक कडी मीही आहे.

२०२३ मध्ये तिच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायला लागला. बी-१२ जीवनसत्त्व तपासलं तर फारच कमी निघालं. हे एकट्या गोळीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. आत्या माळकरी आहे, अंडं-मासे तिच्या ताटाला कधी शिवले नाहीत, आणि मधुमेहासाठी ती मेटफॉर्मिन घेते, त्यानेही बी-१२ कमी होतं. पण अन्नातलं बी-१२ प्रथिनांपासून सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि दोन वर्षांहून जास्त काळ या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बी-१२ची कमतरता जास्त आढळते, हे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. आता आपल्या भागात बघा. शाकाहारी माणूस, त्याला मधुमेह, त्याला मेटफॉर्मिन आणि जोडीला रोज पँटोप्रॅझोल. माझ्या वहीत अशी किती नावं असतील! या तिन्ही गोष्टी एकाच माणसात आहेत, हे कुणीतरी एकदा एकत्र पाहायला हवं. बी-१२ची तपासणी वर्षातून एकदा लिहून दिली तरी पुष्कळ होईल.

मी या गोळ्यांच्या विरोधात नाही, हे इथेच स्पष्ट करते. जुन्या सर्जनांना विचारा. जठराच्या अल्सरसाठी पोट उघडून जठराचा भाग काढणं, आम्लाची आज्ञा देणारी नस कापणं, ही एके काळची रोजची कामं होती. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये आम्ल कमी करणारं सिमेटिडिन आलं, त्यासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. त्याच १९८८ मध्ये स्वीडनमध्ये ओमेप्रॅझोल बाजारात आलं आणि अन्ननलिकेच्या जखमा महिना-दोन महिन्यांत भरून यायला लागल्या. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्शल आणि वॉरन यांनी अल्सरमागचा जंतू दाखवून दिला, त्यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. त्या जंतूवरच्या चौदा दिवसांच्या उपचारातही हीच गोळी अँटिबायोटिकच्या सोबतीला असते. एवढी गुणी औषधं थोडीच असतात.

ती घाबरण्यासारखीही नाहीत. मोबाईलवर "पित्ताच्या गोळीने किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात" असे निरोप फिरतात आणि लोक माझ्याकडे घाबरेघुबरे होऊन येतात. पँटोप्रॅझोलची एक मोठी चाचणी झाली, त्यात १७ हजारांहून जास्त माणसं होती. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना औषध नसलेली हुबेहूब गोळी, असं सुमारे तीन वर्षं चाललं. २०१९ मध्ये निकाल आला. आतड्याचे संसर्ग थोडे जास्त दिसले, हाडं, किडनी, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक दिसला नाही. दुसरीकडे, किडनीला अचानक इजा होऊ शकते अशी सूचना या औषधांच्या माहितीपत्रकात घालायला आपल्याच देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये सांगितलं. मॅग्नेशियम घटण्याचा इशारा अमेरिकेत २०११ मध्येच दिला गेला होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. धोका क्वचित आहे, पण ज्याला गोळीची गरजच नाही त्याने तो क्वचितचा धोका तरी का घ्यावा?

आता माझा मुख्य मुद्दा. गोळी सुटत का नाही?

आत्याचा बी-१२चा रिपोर्ट आला तेव्हा मीच तिला म्हटलं, ही गोळी बंद कर. तिने केली. चौथ्या दिवशी पहाटे तिचा फोन. छातीत आग, घशाशी आंबट पाणी, झोप नाही. "बघ, मला या गोळीशिवाय चालतच नाही." आणि मी, औषधांचं शिक्षण घेतलेली बाई, गप्प बसले. मलाही ते खरंच वाटलं.

ते खरं नव्हतं. आम्ल बराच काळ दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं, आणि गॅस्ट्रिनच्या सांगण्यावरून आम्ल तयार करणारी यंत्रणा आणखी ताकदवान होत जाते. गोळी आहे तोवर ती झाकलेली असते. गोळी काढली की दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तसं आम्ल उसळतं. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये केलेला प्रयोग मला या बाबतीत सगळ्यात बोलका वाटतो. १२० निरोगी माणसं घेतली, ज्यांना पित्ताचा काहीही त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे एसोमेप्रॅझोल, म्हणजे याच जातीची गोळी दिली, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. मग सगळ्यांची बंद केली. पुढच्या चार आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर असा काही ना काही त्रास झाला. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. ज्यांना आजारच नव्हता, त्यांना औषध सोडल्यावर आजाराची लक्षणं आली!

हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या गिऱ्हाईकांना माहीत नाही. त्यांना वाटतं जळजळ परत आली म्हणजे रोग परत आला. तुम्ही चिठ्ठी देताना एवढंच म्हणालात की "बंद केल्यावर दोन-तीन आठवडे थोडं जळजळेल, घाबरू नका, त्यावर पातळ अँटासिड घ्या, ते जाईल", तर निम्मे लोक सुटतील असं माझं मन सांगतं. आत्याच्या दुसऱ्या खेपेला तिच्या डॉक्टरांनी हेच केलं. आधी ४० ची २० केली, मग एक दिवस आड, मग गरज पडेल तेव्हाच. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. रात्रीचं जेवण भजनाच्या आधी. सहा आठवडे लागले. आज ती गोळी घेत नाही. लग्नाकार्यात तिखट-तळलेलं जास्त झालं तर अँटासिडचे दोन चमचे घेते.

आता थोडं वेळेबद्दल, कारण माझ्या काउंटरवर याचा रोज घोळ होतो. जठरातले आम्लाचे पंप जेवण आलं की जागे होतात, आणि ही गोळी फक्त जागे झालेले पंप बंद पाडते. रक्तात ती थोडेच तास टिकते. म्हणून न्याहारीआधी अर्धा ते एक तास घ्यायची, आणि मग खरोखर न्याहारी करायची. आमच्याकडे काय होतं? माणूस अनशापोटी गोळी घेतो, त्यावर चहा, आणि शेतावर जातो. भाकरी थेट अकरा-बाराला. पंप जागे होईपर्यंत गोळी निघून गेलेली असते. कुणी रात्री जेवणानंतर घेतं. बरं वाटत नाही म्हणून तो पुन्हा तुमच्याकडे येतो, आणि १-०-० चं १-०-१ होतं. डोस वाढवण्याआधी एकदा विचारा, "गोळीनंतर किती वेळाने खाता?" मला तर हा प्रश्न एंडोस्कोपीच्याही आधी विचारावासा वाटतो. गोळी चावून किंवा कुटून घेणारे म्हातारेही आहेत. वरचं आवरण मोडलं की औषध आम्लातच नासतं, हे त्यांना सांगायचं काम माझं आहे आणि मी ते करते.

आणि आपल्या भाषेतला "पित्त" हा शब्द. याच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण चुकीची गोळी सुरू होण्याचं मूळ मला बरेचदा इथेच दिसतं. छातीत जळजळलं तर पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, "पित्त उठलंय". अर्धं डोकं दुखून उलटी झाली आणि उलटीनंतर हलकं वाटलं तर तेही पित्तच, "पित्त पडलं की बरं वाटतं". आणि दरदरून घाम, छातीवर दाब, डाव्या हातात कळ, तेव्हाही घरातलं कुणीतरी म्हणतं, पित्त किंवा गॅस असेल. एका शब्दाखाली चार वेगळे आजार. गांधींना आम्लाची गोळी लागत नाही. असं अर्धं डोकं दुखणं बहुतेक वेळा मायग्रेन असतं, आणि माझ्या गावातल्या कित्येक बायका मायग्रेनसाठी वर्षानुवर्षं पँटोप्रॅझोल खाताहेत. त्यांचं डोकं दुखायचं थांबत नाही, त्या म्हणतात "माझं पित्तच जहाल आहे". चौथ्या प्रकाराचं काय होतं, ते तुम्ही जाणता. तीन वर्षांपूर्वी रात्री साडेनऊला एक पंचेचाळिशीचा माणूस माझ्याकडे गॅसची गोळी मागायला आला होता. त्याचा शर्ट घामाने भिजलेला होता. मी गोळी दिली नाही, रिक्षा बोलावली. तो वाचला. त्या आधीच्या वर्षांत असे कितीजण गोळी घेऊन माझ्या पायरीवरून उतरून गेले असतील, याचा विचार आला की अजून झोप लागत नाही. म्हणून रुग्ण "पित्त" म्हणाला की कृपा करून विचारा, पित्त म्हणजे नक्की काय होतं?

एकाच कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोल आणि डोम्पेरिडोन, हे आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की लोकांना ती साधी पित्ताचीच गोळी वाटते. डोम्पेरिडोन मळमळीचं औषध आहे. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपच्या औषध संस्थेने २०१४ मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता ठेवला, छातीतल्या जळजळीसाठी ते वापरणं बंद केलं, आणि साधारण आठवड्याहून जास्त देऊ नका असं सांगितलं. आपल्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ते ३० मिलिग्रॅम असतं, आणि ती महिनोन्‌महिने चालते. सर्दी-खोकल्याच्या चिठ्ठीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणि शेजारी ही कॅप्सूल दिसली की माझा हात थबकतो, कारण तेही ठोक्यांवर परिणाम करणारंच औषध. फोन केला तर तुमच्यापैकी बहुतेक जण समजून घेता आणि बदलून देता, त्याबद्दल आभार. पण हे मुळात लिहिलंच जाऊ नये.

आणि सर्दी-खोकल्याच्या त्या चिठ्ठीवर पित्ताची गोळी असतेच कशाला? तीन दिवसांच्या अँटिबायोटिकला आम्लाच्या गोळीचं संरक्षण लागत नाही. मीही पूर्वी विचारत नसे. आता विचारते.

वाचकांपैकी कुणी हे वाचून आपली गोळी आज रात्रीच बंद करू नये, हे मला ठळकपणे लिहायचं आहे. हृदयाला स्टेंट बसवलाय आणि अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी दोन्ही औषधं चालू आहेत. वय ६५ च्या पुढे आहे आणि सांधेदुखीसाठी रोज दुखण्याची गोळी लागते. आधी अल्सरमधून रक्तस्राव झालाय. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला मोठ्या जखमा किंवा तिच्या अस्तरात बॅरेट्स नावाचा बदल दिसलाय, अशांना ही गोळी खरोखर दीर्घकाळ लागते आणि ती त्यांचा जीव वाचवते. त्यांच्या चिठ्ठीवर "कायम" असं लिहिलेलं असलं तर मला आनंदच होईल, कारण मग ते "कायम" तुम्ही विचार करून लिहिलेलं असेल. (क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्रॅझोल नको, पँटोप्रॅझोल चालेल, हे तुम्ही बघताच.) घास अडकतो, वजन उतरतंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, रक्ताची उलटी झालीय, अशा माणसाने दुकानातून गोळी नेण्यात दिवस घालवू नयेत, थेट तुमच्याकडे यावं.

तुमच्या ओपीडीची गर्दी मी पाहिली आहे. बाजाराच्या दिवशी ऐंशी-शंभर रुग्ण, प्रत्येकाला दोन मिनिटं. रात्री उशिरा जेवू नका, जेवल्यावर तीन तास आडवं होऊ नका, डाव्या कुशीवर झोपा, तंबाखू आणि मिश्री सोडा, पोटाचा घेर कमी करा, हे सगळं सांगायला तेवढा वेळ पुरत नाही. मिश्रीचं तर बायका तुमच्यासमोर कबूलही करत नाहीत. हे सांगायचं काम आमच्यावर सोपवा. आम्ही सांगू, आमच्याकडे उभं राहून बोलायला लोकांना वेळ असतो. तुमच्याकडून फक्त दोन गोष्टी हव्यात. औषधाच्या नावापुढे ते कशासाठी दिलंय ते दोन शब्दांत, "जळजळीसाठी" किंवा "दुखण्याच्या गोळीसोबत", आणि कुठवर घ्यायचं ती तारीख. जळजळीला सहसा चार ते आठ आठवडे. दुखण्याच्या गोळीसोबत दिली असेल तर ती थांबेल त्या दिवशी हीदेखील थांबेल. अमेरिकेत ओमेप्रॅझोल २००३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, तरी तिथल्या डब्यावर छापलेलं असतं की चौदा दिवसच घ्या, आणि चार महिन्यांच्या आत पुन्हा नको. आपल्याकडे ते चिठ्ठीचं औषध आहे, आणि चिठ्ठीवर मुदत नाही.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना वेगळं सांगते. तुम्ही रात्रीच्या ड्युटीनंतर डोळे मिटत असताना डिस्चार्ज कार्ड लिहिता. वॉर्डात शिरेतून चालू असलेलं पँटोप्रॅझोल तोंडी करून कार्डावर उतरवणं हा त्या क्षणी हाताचा सराव असतो. त्या एका ओळीला गावाकडे किती आयुष्य मिळतं ते तुम्हाला कधी दिसत नाही. रुग्ण परत तुमच्याकडे येत नाही, तो माझ्याकडे येतो, आणि ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणतो. घडीवर फाटलेलं, सहा-सात वर्षांपूर्वीचं कार्ड मी हातात घेतलेलं आहे. त्यावरची बाकी सगळी औषधं संपलेली असतात.

माझ्या बाजूने मी काय करते तेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. स्ट्रिपवर शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीशिवाय देऊ नये, असं लिहिलेलं असताना चिठ्ठीशिवाय या गोळ्या मी कितीतरी वर्षं दिल्या. सगळे देतात, मी नाही दिल्या तर समोरचा देईल, हे मी स्वतःला सांगत आले. आत्याच्या मुंग्यांनंतर ते सांगणं मला जमेनासं झालं. आता चिठ्ठी नसेल तर मी अँटासिड देते आणि तुमच्याकडे पाठवते. गिऱ्हाईक तुटलं, खोटं कशाला बोलू. काही जण मात्र परत आले.

गेल्या पाडव्याला मी एक रबरी शिक्का करून घेतला. या गोळ्यांच्या कागदी पाकिटावर तो उमटवते. त्यात दोन ओळी आहेत. "सुरू केली : ____" आणि "थांबवायची : ____". पहिली ओळ मी स्वतः भरते. दुसरी तुमच्या चिठ्ठीवरून भरायची असते. आज दुपारपर्यंत अकरा पाकिटं गेली, त्यातल्या दोनांवर ती भरता आली.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक फार्मासिस्ट